कोमट पाणी

३ मार्च

वन्सं,

त्या दिवशी पाणी गरम होतं, गार होतं की कोमट?

एवढंच विचारायचं होतं. पण एका ओळीसाठी पाकीट, तिकीट आणि पोस्टापर्यंतची पायपीट करायची आणि बाकीचा कागद कोरा पाठवायचा, हे माझ्या जिवावर येतं. म्हणून लिहिते. फोन तर तुम्ही उचलत नाही. या घरचा नंबर दिसला की तो वाजून वाजून गप्प होतो, हे मला ठाऊक आहे. त्याचा राग नाही. तुमच्या जागी मी असते तर फोनच आपटला असता.

इकडे सगळे बरे. तुमच्या धाकट्या बंधुराजांनी एक पराक्रम केलाय. एप्रिलच्या पहिल्या रविवारी वाचनालयात 'घरोघरचे संग्रह' म्हणून प्रदर्शन भरतंय. कुणाची कुलपं, कुणाच्या काड्यापेट्या, कुणाची बटणं. यांनी आईंना न विचारता निळ्या भांड्यांचं नाव देऊन टाकलं आणि जेवताना ताट बाजूला सारून जाहीर केलं, ''आई, आता सगळं गाव तुझी भांडी बघणार!'' आईंचा घास हातातच राहिला. मला वाटलं आनंदाने. नंतर बघते तर चेहरा पांढराफटक. दोन दिवस त्या धड जेवल्या नाहीत.

माहितीपत्रकासाठी चार ओळी लिहायचं काम अर्थात माझ्या गळ्यात आलं. तुमच्यावर प्रयोग करून बघते, हसू नका. 'चकाकी नसलेली, दगडासारखी टणक भाजलेली निळी माती. तिच्यावर साच्यातून काढून बसवलेल्या पांढऱ्या उठावाच्या आकृत्या. ग्रीक पुराणातल्या झगेवाल्या बायका, वीणेसारखं काही वाजवणारा तरुण, द्राक्षाचे वेल, पंख फुटलेली गुटगुटीत पोरं.' यातल्या निम्म्यांच्या अंगावर धड कपडा नाही, हे मी लिहिलं नाही. आणि ती भांडी जिथे आहेत त्या दिवाणखान्यात पाहुण्याच्या सदऱ्याचं एक बटण उघडं असलं तरी आईंच्या कपाळाला आठी पडते, हेही नाही.

कपाट तुम्ही गेलात तेव्हा होतं तस्संच आहे. भिंतीला पाठ, पुढे काच, किल्ली आईंच्या कमरेला. प्रत्येक भांड्याखाली फळीवर पेन्सिलीची खूण, त्याचं तोंड कुठे करायचं त्याची. दर रविवारी मामंजींच्या जुन्या दाढीच्या ब्रशने आई एकेक भांडं झटकतात. पाणी नाही, ओलं फडकं नाही, दुसऱ्या कुणाचा हात नाही. ''ही माती पाणी पिते आणि फुटते,'' हे वाक्य मी या घरात आल्यापासून ऐकतेय. तुम्ही तर जन्मापासून ऐकलं असेल.

पाण्याचं विचारलं त्याला काही कारण नाही. सहज आठवलं. इथे काही फुटलंबिटलेलं नाही.

तुमची वहिनी


९ मार्च

वन्सं,

फुटलंय.

तुमचं उत्तर नाही आलं, आणि हे एकटीने मनात ठेवायची माझी ताकद संपली. कुणाला तरी सांगितलंच पाहिजे. यांना सांगावं तर हे दारातूनच ओरडतील, ''आई, हिने काय केलं बघ!'' म्हणून तुम्हाला. या घरात हा गुन्हा माझ्याआधी केलेलं माणूस एकच आहे.

झालं असं. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी निरोप पाठवला की भांडी स्वच्छ करून आणा, दिव्याखाली धूळ दिसते. आणि धूळ आहे हो! ब्रश कितीही फिरवा, त्या बायकांच्या झग्यांच्या चुण्यांत वर्षानुवर्षांची मळी बसलीय. मी जुन्या वस्तूंच्या दुकानात जाऊन विचारलं. आताचा दुकानदार, म्हणजे पूर्वीच्या म्हाताऱ्याचा मुलगा, हसायलाच लागला. म्हणाला, ''वहिनी, ही माती भट्टीतून निघालेली असते, पाण्याने तिला काय होतंय? कोमट पाणी घ्या, थोडा साबण, मऊ ब्रश. बिनधास्त धुवा.''

झालं, मला चेव आला. परवा हे आईंना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. आईंनी कपडे बदलताना कमरेची किल्ली उशीखाली ठेवली होती, ती मी काढली. चोरी म्हणा हवं तर. एकच भांडं काढलं, तो छोटा जग, नाचणाऱ्या बायकांचा. वाटलं, चकचकीत करून समोर ठेवते, मग आईच म्हणतील, बाकीचीही धू. कौतुक करून घ्यायची हौस, दुसरं काय!

घमेल्यात टॉवेल अंथरला, कोमट पाणी ओतलं, जग आडवा ठेवला. साबण आणायला मोरीत गेले आणि आले, तेवढ्यात जगाचा कान वेगळा झालेला. मी हात लावला तर पोटाचा एक मोठा तुकडा माझ्या बोटांत आला. वन्सं, आवाज झाला नाही! ना कट्, ना टक्. फुटलेल्या भांड्याला काही आवाज असतो की नाही? भिजलेल्या पाकिटावरून तिकीट सुटतं तसा तो सुटला.

आधी मी रडले. मग तुकडे पुसताना बघितलं. या मातीचा नुसता टवका उडाला तरी आत स्वच्छ निळं दिसतं. या तुकड्यांच्या कडा निळ्या नव्हत्या. तपकिरी होत्या. बुळबुळीत, चिकट, आणि एक घाणेरडा ओळखीचा वास. कुठला ते आठवेना.

तुकडे माझ्या शिवणयंत्राच्या खोक्यात आहेत. कपाटातली दोन भांडी जराशी सरकवून मी ती फट झाकलीय. उद्या रविवार. आई ब्रश घेऊन बसतील.

मला एवढंच सांगा. तुम्ही त्या दिवशी तो मोठा कलश धुतलात तेव्हा आवाज झाला होता का? आणि कडा कसल्या होत्या?

वहिनी


१४ मार्च

वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. 'पाणी कोमट होतं. आवाज झाला नाही. कडा बघायला मला कुणी वेळ दिला नाही. पुन्हा या विषयावर लिहू नका.'

शेवटची ओळ मी वाचली नाही असं समजा.

रविवारी आई कपाटासमोर स्टूल ओढून बसल्या. मी स्वयंपाकघरात भांड्यांचा उगाच आवाज करत होते. खाई त्याला खवखवे. पहिल्या फळीवरच त्यांचा हात थांबला. फट मी झाकली होती, पण पेन्सिलीची खूण उघडी पडली होती. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. त्या ओरडल्या नाहीत. आत आल्या, मागे दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, ''कुठल्या पाण्याने धुतलास?''

काय, कधी, कुणाला विचारून, यातलं काही नाही. कुठल्या पाण्याने!

मी म्हटलं, ''कोमट.'' त्या मटकन खुर्चीत बसल्या. मी आईंना चिडलेलं रोज बघते, रडलेलं एकदा बघितलंय, मामंजी गेले तेव्हा. घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं.

पुढचं मला लिहायचं नाही. आईंनी माझ्याकडून शब्द घेतलाय. जग पुन्हा कपाटात आहे, आपल्या खुणेवर, तोंड बाहेर. यांना काही कळलेलं नाही. एवढंच सांगते.

एक विचारू का? आईंच्या खोलीतून तो उग्र वास यायचा, आठवतो? गुडघ्यांचं औषध उकळतेय म्हणायच्या आणि दार लावून घ्यायच्या. आपण दोघी जिन्यात नाक धरून उभ्या राहायचो, आणि तुम्ही म्हणायचात, ''हे लावण्यापेक्षा गुडघे दुखलेले परवडले.''

आईंचे गुडघे कधी दुखले हो? अजूनही जिना माझ्याआधी चढतात.

वहिनी


२० मार्च

वन्सं,

शब्द मोडतेय. सरळ मोडतेय. हा शब्द पाळून मला नीट झोप येत नाही आणि मोडून तरी येते का बघते.

कलश तुम्ही फोडला नव्हता.

पुन्हा लिहिते, कारण तुम्ही एकदा वाचून कागद बाजूला टाकाल. मोठा निळा कलश तुमच्या हातून फुटला नव्हता. तो आधीच फुटलेला होता. आईंनी सरसाने चिकटवलेला होता, सुतार लाकूड जोडायला वापरतात त्या सरसाने. सरस कोमट पाण्यात सुटतो. तुम्ही धुतलात आणि तो सुटला. माझा जग सुटला तस्सा.

त्या रविवारी दार लावल्यावर आईंनी पलंगाखालून एक ट्रंक ओढली. आत छोटी शेगडी, सरसाचा काळा पडलेला डबा, वाळूची वाटी, कापडाच्या पट्ट्या. ते झाकण उघडलं आणि वास आला. तोच, गुडघ्यांच्या औषधाचा! त्यांनी माझ्याकडून तुकडे घेतले, जुना सरस खरवडला, नवा लावला. मला म्हणाल्या, ''पोट धर. हलू नकोस. श्वाससुद्धा हळू घे.'' मग पुटपुटल्या, ''एकटीने करताना दोन गुडघ्यांत धरावं लागायचं.'' बघा, गुडघे त्यात होते म्हणायचे.

मी विचारलं, ''असे आणखी किती?''

''सगळे.''

''कपाटात एकही अख्खं नाही?''

''एक आहे. मेणबत्तीचं घर. ते मला आवडत नाही.''

वन्सं, मला हसू आलं. त्याही वेळी. मग त्या बोलत गेल्या, माझ्याकडे न बघता. पूर्वीचा म्हातारा दुकानदार फुटकी भांडी मागच्या दाराशी एका खोक्यात टाकायचा. आई ती पिशवीत घालून आणायच्या. अख्खी घेण्याची ऐपत नव्हती आणि नजर तर तिथून हलत नव्हती. मामंजींना सांगितलं, घासाघीस करून घेतली. आणि मामंजी पडले हौशी! आल्यागेल्याला कपाटासमोर उभं करून म्हणायचे, ''ही नजर बघा आमच्या हिची!'' आईंना मग मागे फिरायला जागा राहिली नाही. तडा भिंतीकडे, तोंड पाहुण्यांकडे, त्यासाठी त्या पेन्सिलीच्या खुणा. पाणी पिते आणि फुटते, त्यासाठी ते वाक्य. आपण सगळे किती वर्षं त्या वाक्याला भिऊन वागलो!

मी म्हटलं, ''आणि तो कलश?''

त्यांनी सरसाच्या डब्याचं झाकण घट्ट बसवलं. मग म्हणाल्या, ''तिच्या सासरची सगळी बाहेर येऊन बसली होती गं. काय सांगणार होते मी? की ही बाई कचऱ्यातून भांडी उचलते?''

म्हणून त्यांनी तुकडे टेबलक्लॉथमध्ये गुंडाळले, बाहेर नेऊन सगळ्यांना दाखवले आणि म्हणाल्या, ''बघा, ही तुमची सून. हिच्या हातात काही टिकत नाही.'' सगळे हसले. मी आत चहा गाळत होते, मला ते हसू ऐकू आलं. तुम्ही ओल्या हातांनी दारात उभ्या होतात. हात पुसायचंही तुम्हाला सुचलं नव्हतं.

आणि पुढे तुमचा संसार मोडला तेव्हा, तुम्ही फोनवर रडत असताना, आईंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. त्यानंतर तुम्ही या घरात पाऊल टाकलं नाही. मी त्यांना विचारलं, ''निदान तेव्हा तरी?'' म्हणाल्या, ''जिभेला सवय झाली होती.''

मला इतका संताप आला की मी हातातला जग तसाच सोडून देणार होते. सोडला नाही. सरस ओला होता.

आता खरी पंचाईत ऐका. वाचनालयातून निरोप आलाय, आईंच्या भांड्यांना मानाची जागा. खोलीच्या मधोमध गोल काचेचं कपाट, चारी बाजूंनी फिरून बघायचं. चारी बाजूंनी! आईंचं धाबं दणाणलंय. मला म्हणाल्या, ''प्रदर्शन रद्द करायला सांग.'' पण तुमचे बंधुराज ऐकतायत होय? अख्ख्या कचेरीला आमंत्रण देऊन बसलेत, नवा सदरा शिवायला टाकलाय. मग म्हणाल्या, ''तुझं रंगकाम चांगलं आहे. मागच्या चिरांवर रंग लाव. झाकली मूठ सव्वा लाखाची.''

मी म्हटलं, ''लावते. आधी वन्संना पत्र लिहा. स्वतःच्या हाताने. काय झालं होतं ते.''

''मी? माझ्या पोटच्या पोरीची माफी मागू?''

''माफी नका मागू. खरं सांगा.''

''इतक्या वर्षांनी खरं सांगून कुणाचं भलं होणारेय?''

''तुमचं नाही होणार. त्यांचं होईल.''

त्या उठून गेल्या. तेव्हापासून आम्ही दोघी एका स्वयंपाकघरात वावरतोय आणि मिठाची बरणी हवी असली तरी यांच्यामार्फत मागतोय. मी ब्रश हातात धरणार नाही. आणि त्या पेन हातात धरणार नाहीत. पहिल्या रविवारी गावासमोर त्यांची अब्रू जायची असेल तर जाऊ दे, असं दिवसा म्हणते आणि संध्याकाळी त्यांना कपाटासमोर नुसतं बसलेलं बघितलं की तोंडात घास फिरतो. म्हातारं माणूस आहे. पण तुम्हीही कुणाची तरी पोर आहात की नाही?

उत्तर पाठवा. शिव्या दिल्यात तरी चालेल.

वहिनी


२ एप्रिल

वन्सं,

तुमच्या दोन ओळी आल्या. 'मला बरं वाटावं म्हणून गोष्टी रचू नका. तिच्या तोंडून आलं तरच खरं.'

रचल्या? मी? मला साधी पाहुण्यांना टाळायची थाप नीट मारता येत नाही!

पण मग वाटलं, बरोबर आहे तुमचं. जिने सगळ्यांसमोर सांगितलं ते खरं आणि जी चोरून पत्र लिहिते तीही खरी, असं कसं होईल? मी तुमचं कार्ड आईंच्या हातात दिलं. म्हणजे मी शब्द मोडला हेही त्यांना त्याच क्षणी कळलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, घडी केली, चष्मा काढला. मी वाट बघत उभी. तर म्हणतात काय, ''रंग आणलास का?''

आणला. काय सांगू तुम्हाला, आणला मी. नाही बघवलं. एका फुलदाणीच्या चिरेवर लावूनही बघितला. त्या मातीला चकाकी नाही आणि रंगाला आहे. भिंतीवर दुरुस्तीचा पट्टा दिसतो तसा तो लांबून ओरडत होता. पुसून टाकला. आता काही उपाय नाही आणि पाच दिवसांत रविवार आहे. आई काल म्हणाल्या, ''मला ताप आलाय असं सांग.'' कपाळ गार होतं.

तुम्हाला आता मी काही मागत नाही. फक्त हे कळावं की मी गप्प बसलेली नाही.

वहिनी


९ एप्रिल

वन्सं,

बसून वाचा. मी उभ्यानेच लिहितेय, बसवत नाहीये मला.

रविवारी हे नवा सदरा घालून सकाळीच भांडी पोचवून आले. आम्ही दोघी दुपारी निघालो. वाटेत आईंनी माझा दंड धरला होता. त्या पायरी चढताना आधार घेत नाहीत, आणि हा तर सपाट रस्ता होता. मी म्हटलं, ''अजून परत फिरू.'' त्या म्हणाल्या, ''चल.''

आत गेलो. मधोमध ते गोल कपाट, वरून दिवे. भोवती माणसं. मी आधी आईंकडे बघितलं आणि मग कपाटाकडे, आणि माझा विश्वास बसेना. ग्रंथपाल बाईंनी सगळी भांडी गोलाकार मांडली होती, प्रत्येकाचं तोंड बाहेर, बघणाऱ्याकडे. पाठी सगळ्या आत. एकही चीर कुठूनही दिसत नव्हती! तुम्ही दहा फेऱ्या मारा, तुम्हाला नाचणाऱ्या बायकाच दिसणार.

आई वाचल्या होत्या. त्यांनी माझा दंड सोडला, खुर्चीवर बसल्या आणि पाणी मागितलं. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि त्याच दमात कळलं की आता तुम्हाला पत्र काही जाणार नाही. मूठ झाकलेलीच राहणार. आता त्यांना बोलायला कशाने लावणार होते मी?

मग ज्यांनी आपली कुलपं मांडली होती ते वकील आले. कपाटाभोवती फिरले आणि मोठ्याने म्हणाले, ''बाई, कमाल आहे! मुलाबाळांच्या घरात इतकी वर्षं, आणि एक टवका नाही? मुलांना धाकात ठेवलेलं दिसतंय.''

आई नुसत्या हसल्या. तेवढ्यात तुमचे बंधुराज पुढे सरसावले. चार माणसं जमली की यांना चेव येतो. ''तसं नाही काही! आमच्या ताईने एक फोडला होता. सगळ्यात मोठा कलश! ताईचा हात म्हणजे काय सांगू, आई नेहमी म्हणते, हिच्या हातात काही...''

''गप्प बस.''

वन्सं, हळू म्हणाल्या त्या, पण सगळी खोली थांबली. हे तोंड उघडं ठेवूनच राहिले. लोकांना वाटलं म्हातारीला चक्कर येतेय. एकाने खुर्ची पुढे केली. आई उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, ''घरी जा. माझ्या ट्रंकेत तळाला टेबलक्लॉथचं गाठोडं आहे. ते घेऊन ये.''

मी पळत गेले. पायात चप्पल होती की नव्हती ते आठवत नाही. गाठोडं उचललं तेव्हाच आतलं वाजलं. तोच टेबलक्लॉथ, निळ्या काठाचा. त्या दिवसापासून त्यांनी ती गाठ सोडली नव्हती.

मी परत आले तेव्हा माणसं आणखी वाढली होती. आईंनी ग्रंथपाल बाईंना कपाटाचं कुलूप काढायला लावलं. मधला उंचवटा रिकामा होता, त्यावर शोभेल असं मोठं भांडं आमच्याकडे नाही म्हणून. तिथे आईंनी टेबलक्लॉथ अंथरला आणि तुमच्या कलशाचे तुकडे एकेक करून मांडले. कडा वर. दिव्याखाली त्या तपकिरी कडा कुणालाही दिसत होत्या.

मग बाईंकडून कोरं कार्ड मागून घेतलं. बाई म्हणाल्या, ''सांगा, मी लिहिते.'' आई म्हणाल्या, ''माझं मी लिहीन.'' अक्षर वाकडंतिकडं आलंय. पण वाचता येतं. मी शब्दाला शब्द उतरवून घेतलंय:

'कलश. मी फुटका आणला आणि सरसाने जोडला. घरातली बाकीची भांडीही अशीच आहेत, मागून बघावीत. हा माझ्या मुलीने फोडला असं मी सगळ्यांना सांगितलं. तिने तो फक्त धुतला होता.'

खाली सही केली. पूर्ण नाव.

वकिलांनी टोपी काढून डोकं खाजवलं. यांचा चेहरा पडला तो अजून वर आला नाहीये. घरी येताना एकदाच म्हणाले, ''मी तर सगळ्यांना तेच सांगत आलो.'' मी म्हटलं, ''मग आता हे सांगा.'' तुम्हाला फोन करायला निघाले होते, मी अडवलं. काय बोलतील आणि काय नाही!

आज ग्रंथपाल बाई घरी आल्या होत्या. म्हणाल्या, लोक आता दुसऱ्या भांड्यांसमोर थांबतच नाहीत, सगळे त्या कार्डापाशी. प्रदर्शन संपलं की कलश जोडून घ्या, इतका सुंदर आहे. आई म्हणाल्या, ''एकटीने नाही होत. मोठा आहे. सरस वाळेपर्यंत कुणीतरी धरून ठेवावा लागतो.''

बाई गेल्यावर मी म्हटलं, ''मी धरते की.''

''तुझा हात हलतो. जग वाकडा झालाय.''

खरंच वाकडा झालाय हो. मी म्हटलं, ''मग कोण धरणार? हे?''

त्या खिडकीपाशी उभ्या होत्या. माझ्याकडे पाठ होती, त्यामुळे चेहरा दिसला नाही. पदराने त्यांनी काचेवरची धूळ पुसली. मग म्हणाल्या, ''तिला लिही. येईल तेव्हा येऊ दे, मी तोवर सरस तापवणार नाही. कलश तिलाच धरू दे. तिच्या हातात टिकेल.''

वहिनी